पडद्यावरचे चार अंश

धारूरच्या दूध शीतकरण केंद्रात वैष्णवी अकरा महिने हंगामी होती. येत्या एक तारखेला कायम व्हायची होती. टाकीचं तापमान मोजणाऱ्या चिपची संगणकाला ओळख करून देणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, तिचाच. त्यात तिची शिस्त कडक : अनोळखी चिप दिसली की आधी नुसतं वाचायचं, ओळख पटेपर्यंत काही लिहायचं नाही, शंका आली तर माघारी फिरायचं.

नवी टाकी आली, पण तिच्या चिपची ओळख पटेना; उद्घाटनाच्या आदल्या दिवशीही संगणकाचा पडदा कोराच. चेअरमन विजयसिंहांचा पुतण्या युवराज संगणक विभागाचा प्रमुख होता. नात्यापलीकडे त्याला दुसरी परीक्षा द्यावी लागली नव्हती.

"तुझा ड्रायव्हर लई भित्रा हाय बाई."

"दादा, संगणक ज्या पत्त्यावर चिप शोधतोय, तिथं कोणती बसलीय ठाऊक न्हाई. भलतीवर लिहिलं तर मशीन बिघडंल. उद्या टाकीच्या कंपनीला इचारते."

"उद्या पाहुणे हायत. त्यास्नी कोरा पडदा दाखवू व्हय?"

ती घरी गेल्यावर त्यानं ड्रायव्हरमधल्या तपासणीच्या दोन ओळी काढून टाकल्या. पडद्यावर लगेच चार अंश झळकले. सकाळी नारळ फुटला, अकरा गावांचं अठराशे लिटर दूध आत गेलं.

कॅन धुणाऱ्या साखराबाईंनी टाकीला हात लावला. "आवं, ही तर कोमट हाय."

"मावशी, कॉम्प्युटर खोटा आन् तुमचा हात खरा का?" युवराज म्हणाला.

पाहुण्यांसमोर अशा प्रश्नाला आमच्याकडं एकच उत्तर असतं. साखराबाई कॅन धुवायला गेल्या.

दुपारपर्यंत दूध नासलं. त्या पत्त्यावर टाकी थंड करणाऱ्या यंत्राच्या सेटिंगची चिप होती. ओळख काढायला ड्रायव्हरनं तिच्यात चार हा आकडा लिहिला, यंत्र बंद पडलं, आणि लिहिलेला तोच चार तापमान म्हणून पडद्यावर आला.

"ड्रायव्हर कुणाचा?" विजयसिंहांनी विचारलं.

"माझा, आबा. पण कोणत्या ओळी कुणी, कवा काढल्या, त्याची नोंद कॉम्प्युटरात हाय."

"घरच्या पोराच्या नोंदी काढायच्या असत्यात व्हय?" त्यांनी कागद पुढं सरकवला. ड्रायव्हर सदोष असल्याची कबुली होती. "सही कर. कायमचं काय जमायचं न्हाई, पण अनुभवाचा दाखला देतो."

दाखल्याशिवाय दुसरीकडं कुणी उभं करणार नव्हतं. तिनं सही केली.

दारात युवराजनं गाठलं. "जाता जाता तेवढ्या दोन ओळी घालून जा की. संध्याकाळचं दूध यायलंय."

दूध लोकांचं होतं. ती बसली, ओळी घातल्या, यंत्राचं सेटिंग कंपनीला विचारून पूर्ववत केलं. मग दाखला मागितला.

"आबा बीडला गेले," युवराज म्हणाला. "सोमवारी बघू."