धुक्यात हाक मारलेले नाव

मी एक जुने नाव आहे. रिन्स्के. मित्रांनो, ज्या शरद ऋतूची ही गोष्ट आहे, त्या वेळी फ्रीसलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आयल्सवियर गावात मी सात ठिकाणी होते. चार बायकांमध्ये: एक आजी आणि तिच्या तीन नाती. पाचवी जागा तामिंगांच्या गोठ्यातली काळी-पांढरी गाय. सहावी, चर्चच्या अंगणातला एक दगड. सातवी, एका होडीच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची फळी. त्या दगडाखाली कोणी पुरलेले नव्हते, कारण त्या रिन्स्केला समुद्राने परत दिलेच नाही. होडी मागच्या हिवाळ्यात तळाला गेली होती. म्हणजे सातांतल्या दोन जागा आधीच पाण्याकडे होत्या. गावातल्या म्हाताऱ्यांनी हा हिशेब केला होता, पण त्यावर मोठ्याने कोणी बोलत नसे.

माझे कूळ पुरुषांचे. फार जुन्या काळी या किनाऱ्यावर रिन्स नावाचे पुरुष होते. त्या नावाच्या मुळाशी ‘सल्ला’ असा अर्थ आहे, असे जाणकार सांगतात. पुढे कुणा रिन्सच्या घरी नातवाची वाट पाहिली जात असताना नात झाली. नाव तर चालवायचे होते. मग त्या नावाच्या मागे एक छोटे ‘के’ जोडले गेले. इकडे हे ‘के’ इवल्याशा आणि लाडक्या गोष्टींना लावतात. ती पहिली मुलगी कोण, कुठल्या घरची, हे मला आठवत नाही. स्वतःचा जन्म कुणालाच आठवत नाही.

मी फक्त दोन प्रकारे जगते. एक, कोणी मला लाकडावर, दगडावर किंवा कापडावर उमटवले तर. दुसरा, कोणी श्वास खर्चून मला उच्चारले तर. उच्चारले की तोंडापासून कानापर्यंत माझे आयुष्य. मध्ये काय असेल ते असेल, वारा, भिंत, धुके.

माझे चांगले दिवस फार चांगले होते. रविवारी चर्चमध्ये मागून कोणी हळूच ‘रिन्स्के’ म्हटले, की पुढच्या बाकांवरच्या कितीतरी टोप्या एकदम वळायच्या. चादरींच्या कोपऱ्यांत लाल दोऱ्याने मला भरले जाई. लोण्याच्या साच्यात मला कोरले जाई आणि माणसे मला सकाळी पावावर लावून खात. या लोकप्रियतेमागे माझे काही कर्तृत्व नव्हते. तो इथला रिवाज होता. पहिली मुलगी झाली की तिला आईच्या आईचे नाव द्यायचे. ज्या आजीला तीन लेकी, तिच्या तीन नाती एकाच नावाच्या. मग ओळखण्यासाठी लोक पुढे काहीतरी लावत. आयल्सवियरमध्ये लांब रिन्स्के होती, वीस वर्षांची, दारातून वाकून आत जाणारी. लोहाराची रिन्स्के होती. आणि धाकटी रिन्स्के, आठ वर्षांची.

धाकटीची आई यिट्स्के हिला मी नको होते. मुलगी झाली तेव्हा तिने लोल्क्ये हे नाव मनात धरले होते. घरात आधीच दोन रिन्स्के आहेत, आई धरून तीन, असे तिने खाटेवरूनच सांगितले. तिची आई, म्हणजे बेप्पे रिन्स्के (बेप्पे म्हणजे इकडची आजी), पाळण्याशेजारी कॉफीचा पेला घेऊन बसली होती. तिने पेला खाली ठेवला.

“तुझ्या दोघी बहिणींना चाललं माझं नाव. तुलाच कुठं टोचतंय?”

“टोचत नाही गं, मेम,” यिट्स्के आईला म्हणाली. “हाक मारली की चौघी येतील, एवढंच.”

“मग बरंच की. काम लवकर उरकेल.”

यिट्स्केचा नवरा वोब्बे हसला आणि म्हणाला की चौघी कसल्या, रिन्स्के म्हटले की तामिंगांची गायसुद्धा मान वर करते. सगळे हसले. आणि मी त्या पाळण्यात उतरले. शेजारची एक म्हातारी मात्र हसली नाही. नाव फार जणींत वाटले की पातळ होते, आणि पातळ गोष्ट पाण्यात लवकर विरते, असे ती म्हणाली. तिला कोणीतरी केकचा दुसरा तुकडा दिला आणि विषय मिटला.

आता त्या दिवसाकडे येते.

आयल्सवियरच्या बांधापलीकडे जमीन संपते, पण समुद्र लगेच सुरू होत नाही. मध्ये चिखलाचे मैदान आहे. ओहोटीला ते नजर पोहोचेल तिथपर्यंत उघडे पडते, भरतीला नाहीसे होते. तिथे गाळ अडवायला खुंट ठोकून, मध्ये काटक्या दाबून लांबच लांब कुंपणे घातलेली आहेत. धाकटी रिन्स्के त्या दुपारी बादली आणि लहान फावडे घेऊन गळाला लावायचे किडे खणायला गेली होती. वोब्बेला ते दुसऱ्या दिवशी मासेमारीला लागणार होते. ती नेहमी जायची. पहिल्या कुंपणापुढे जायचे नाही, एवढी अट होती.

धुके पश्चिमेकडून आले. ते आले असे कोणी पाहिले नाही. यिट्स्के दोरीवरचे कपडे काढत होती. तिने चादर उतरवली तेव्हा मागे बांध दिसत होता. दुसरी चादर उतरवली तेव्हा दिसला नाही.

अशा वेळी काय करायचे हे गावाला पाठ होते. होत्से चर्चची देखभाल करायचा. तो मनोऱ्यात जाऊन घंटा वाजवू लागला, संथ, न थांबता. चिखलावर हरवलेल्याने घंटेकडे तोंड करून चालायचे. पुरुष बांधापासून रांग धरून आत जात, दोघांत हाकेचे अंतर ठेवून. एकाने नाव पुकारायचे, मग सगळ्यांनी गप्प राहून ऐकायचे. उत्तर आले की ज्याने ऐकले त्याने शेजाऱ्याला सांगायचे, शेजाऱ्याने पुढच्याला, असे थेट मनोऱ्यापर्यंत. मग घंटा थांबायची. आणि शाळेत पहिल्या वर्षापासून मुलांना शिकवलेला नियम असा: घंटा थांबली म्हणजे तुम्ही सापडलात. मग एक पाऊलही हलायचे नाही. जिथे आहात तिथे उभे राहायचे, नाहीतर ज्याने तुमचा आवाज ऐकला तो तुम्हाला पुन्हा हरवून बसेल.

नियम चांगला होता. त्याने बरीच माणसे घरी आणली होती.

रांगेतून मला फेकले जाऊ लागले. रिन्स्के. शांतता. रिन्स्के. शांतता. धुके आवाजाची धार काढून घेते. जवळचे लांब वाटते, डावीकडचे उजवीकडून येते. मी कितीतरी तोंडांतून निघाले आणि नुसत्या पांढऱ्यात पडले. वोब्बे रांगेच्या मध्यभागी होता. त्याच्या तोंडून मी निघायचे तेव्हा दर वेळी थोडे आखूड असायचे.

मग रांगेच्या टोकाकडून उत्तर आले. बारीक, बाईमाणसाचा आवाज. “इकडे! मी इकडे आहे!”

टोकाच्या माणसाने शेजाऱ्याला सांगितले, रिन्स्के सापडली. शेजाऱ्याने पुढे सांगितले, रिन्स्के सापडली. एकाही माणसाने एक अक्षर बदलले नाही. वोब्बेपर्यंत ते आले तेव्हा त्यानेही तेच पुढे सांगितले. मनोऱ्यात होत्सेने दोर सोडला. घंटा थांबली.

धाकटी रिन्स्के तोपर्यंत घंटेकडे चालत होती. अट मोडून ती दुसऱ्या कुंपणापर्यंत गेली होती, तिथून परत फिरली होती आणि एका खुंटापाशी पोहोचली होती. घंटा थांबली तेव्हा तिने बादली खाली ठेवली. आपण सापडलो. तिने खुंट धरला आणि शिकवल्याप्रमाणे उभी राहिली. पाणी तेव्हा घोट्याशी होते.

बांधाच्या पायथ्याशी यिट्स्के घोंगडी आणि बडीशेप घातलेले गरम दूध घेऊन उभी होती. बायका तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. एकजण म्हणाली, आता चांगली खरडपट्टी काढ हो, लाड करू नको. यिट्स्के हसत हो म्हणाली. धुक्यातून एक आकृती येऊ लागली. ती जवळ येत गेली आणि उंच होत गेली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावरचा रुमाल गळ्यात आलेला. लांब रिन्स्के. ती बांधाच्या पूर्वेकडच्या दारातून, कोणालाही न सांगता, एकटीच बहिणीला शोधायला गेली होती.

“तू?” यिट्स्के म्हणाली.

“मीच, मावशी. हाका मारत होते ना मला? वाटलं, माझ्याच काळजीनं बोलवतायत.” तिने इकडेतिकडे पाहिले. “आली ना ती?”

यिट्स्केने घोंगडी लांब रिन्स्केच्या हातात दिली आणि ती चर्चकडे धावत सुटली. होत्से मनोऱ्याचे दार ओढून घेत होता.

“वाजव.”

“अगं, सापडली ना पोर?”

“दुसरी सापडली.”

घंटा पुन्हा सुरू झाली. खुंटापाशी धाकटीने ती ऐकली आणि तिला वाईट वाटले. अजून कोणीतरी हरवले होते. आपण तर सापडलेलो आहोत. आपण हललो तर आपल्याला न्यायला येणारा चुकेल. तिने खुंट दोन्ही हातांनी धरला. पाणी मांड्यांवर आले होते.

रांग परत आत गेली आणि पुन्हा मला पुकारू लागली. ते ऐकू आले की ती ओ द्यायची नाही. ते दुसऱ्या रिन्स्केला शोधताहेत, तिने स्वतःशी म्हटले. ती लांब रिन्स्के असणार. मध्ये ओरडून आपण गोंधळ करायचा नाही. ती शहाणी मुलगी होती. तिने जे केले ते सगळे बरोबर होते.

बांधावर बेप्पेला दोघांनी धरून आणले होते. तिने थोडा वेळ ऐकले. बाहेरून तिचेच नाव येत होते, पुन्हा पुन्हा, आणि मध्ये काहीच नाही. तिने काठी जमिनीवर आपटली.

“गप्प करा त्यांना. माझं नाव असं उघडं ओरडू नका. ते माझं आहे, तिचं आहे, दगडातलीचं आहे. कोण ओ देईल कुणास ठाऊक. बापाचं नाव लावा मागं.”

जुन्या काळी इकडे असेच करत. मुलीच्या नावामागे बापाचे नाव, मग आडनावाची गरजच नसे. हल्ली तसे कोणी म्हणत नसे. रांगेत निरोप गेला. मी पुन्हा निघाले, पण या वेळी माझ्यासोबत कोणीतरी होते. रिन्स्के वोब्बेस. वोब्बेची रिन्स्के. तिच्या बापाने स्वतःचे नाव असे याआधी कधी ओरडले नव्हते.

धुक्यातून अगदी बारीक उत्तर आले. “मी सापडलेय! इकडे, मी केव्हाची सापडलेय!”

कुंपणे बांधणारा शिर्क तिच्या सगळ्यात जवळ होता. त्याला कुंपण हाताने ओळखता येत होते. काटक्या चाचपत तो गेला आणि तिला पाण्यातून वर उचलून खांद्यावर घेतले. परत निघण्याआधी त्याने खुंटावर पाण्याच्या पातळीला चाकूने खाच मारली. तो रोजच मारायचा. हाताला सवय होती. या वेळी घंटा थांबवण्याआधी यिट्स्केने मुलीच्या कानाला, नाकाला, वेणीला हात लावून पाहिला, मगच होत्सेला निरोप पाठवला.

मित्रांनो, त्यानंतर माझे दिवस उतरत गेले. बेप्पेने सांगून टाकले की पुढच्या कुठल्याही पाळण्यात मला ठेवायचे नाही. पुढच्या वर्षी गाय गेली, तिच्या वासराला नुसता आकडा मिळाला. गाय गेली, तिच्या वासराला नुसता आकडा मिळाला. शाळेत आता दुसरी नावे पुकारली जातात, आखूड आणि हलकी, कुठल्याही देशात चालणारी. मला त्यांचा राग नाही. तुम्ही नावे जपता, ती पुढे देता, हे मला आवडते. नाहीतर आम्ही दगडावरच उरलो असतो. माझी एकच विनंती आहे. नाव द्या, पण ते एकटे बाहेर पाठवू नका. कोणाचे, कोणत्या घरचे, हे त्याच्यासोबत द्या. आणि कोणी ‘सापडली’ असे सांगितले, तर कोण सापडली, हे एकदा विचारा. एवढ्याशा प्रश्नाला फारच थोडा श्वास लागतो.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होते. शिर्क ओहोटीला कामावर गेला आणि त्याने त्या खुंटाला पट्टी लावली. चिखलापासून खाचेपर्यंत त्र्याण्णव सेंटिमीटर. तिच्या पावलांच्या खुणा अजून बुजल्या नव्हत्या; त्यांची खोलीही त्याने घेतली, नऊ. संध्याकाळी तो वोब्बेकडे आला, मुलीला दाराच्या चौकटीशी अनवाणी उभे केले आणि जमिनीपासून हनुवटीपर्यंत मोजले. पाय रुतले होते तेवढे वजा करून, पंच्याण्णव.