खुर्ची सोडण्याआधी

वाघोलीवरच्या आभाळात दोन विमानं एकमेकांवर येता येता वाचली. एक उतरत होतं, एक चढत होतं. चढणाऱ्याला ‘थांब, आणखी वर चढू नकोस’ सांगायचं काम खाली नियंत्रण कक्षात बसलेल्या सलिलचं. पण ध्वनिमुद्रणात त्या जागी नुसती शांतता. ऐन वेळी विमानांतल्या यंत्रांनी गजर केला आणि पांडुरंगाच्या कृपेनं शेकडो जीव सुखरूप घरी गेले.

चौकशीला आलेल्या कुसुमताईंना मात्र चैन पडेना.

“विसरलो, मॅडम. चूक माझीच,” सलिल पुन्हा म्हणाला.

“कबुलीची एवढी घाई? चोरसुद्धा जरा आढेवेढे घेतो हो.”

सलिल हसला नाही. ताईंना दिसत होतं, हे असंच लिहिलं की पोराचा परवाना जाणार, आणि खरं कारण तसंच दबा धरून बसणार. ताईंनी त्याला सरावाच्या खोलीत नेलं, कानाला हेडफोन लावायला सांगितला, पडद्यावर त्या दिवसाची विमानं पुन्हा सोडली. दोन ठिपके जवळ सरकू लागले. सलिलनं तोंड उघडलं, तेवढ्यात दार ढकलून गोपाळकृष्ण सर आत आले. सलिलला हे काम शिकवणारे तेच, त्या दिवशी त्याच्या जागी बसायला आलेले तेच. ताईंनीच त्यांना बोलावलं होतं.

सलिल ताडकन उठला. हेडफोन टेबलावर, खुर्ची मोकळी. सर सवयीनं बसले.

ठिपके एकमेकांत शिरले.

“त्या दिवशीही असाच उठलास?” सरांनी हळूच विचारलं.

“तुम्ही उभे, आणि मी बसून राहू, सर?”

सरांचा चेहरा उतरला. “मला वाटलं, विमानाला सांगून उठलास. मी विचारलंही नाही. ताई, माझंही नाव लिहा.”

“नावांचं राहू द्या. सलिल, कीर्तनाला जाता?”

“आईबरोबर. विश्रांतवाडीला.”

“बुवांचे गुरू आले की सगळा मंडप उठतो. पखवाजवाला उठतो?”

“नाही. ठेका तुटेल.”

“मग नमस्कार?”

“बसूनच. मानेनं.”

“त्याला उद्धट म्हणतं कुणी?”

सर उठले, खुर्ची सलिलपुढे सरकवली आणि तिच्या मागे उभे राहिले. “बस. तुझं सांगून झालं की मला सांग.”

विमानं पुन्हा निघाली. सलिलनं ‘थांब’ सांगितलं, ठिपके दूर गेले, मग त्यानं सरांकडे मान लववली.

ताईंनी ‘विसरला’ हा शब्द खोडला.

“आणि याचा परवाना?” सरांनी विचारलं.

“याला मध्येच उठवायचं नाही, हे आत्ताच ठरलं ना?” ताई म्हणाल्या.