आखूड दांड्याची पाचर

मोजणीवाल्यांच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, आणि तोही बिनकामाचा. आठ महिन्यांपूर्वी डोक्यात कुठेशी गुठळी अडकली, उजवं अंग लुळं पडलं आणि जन्मभराची बडबड एका सकाळी पुसली गेली. राहिला तो ‘उद्या’. पाणी हवं असलं तरी उद्या, पाठ खाजली तरी उद्या, बायकोवर चिडले तरी उद्याच. मेहुणा म्हणायचा, भाऊजींनी आयुष्यभर ताईची कामं उद्यावर ढकलली, तोच शब्द जिभेला चिकटून बसला. तेव्हा सगळे हसले होते. मोजणीवालेसुद्धा अर्ध्या तोंडाने हसले होते. डाव्या हाताने लिहायला गेले तर अक्षरंच सापडत नव्हती. बाकी डोकं शाबूत होतं, हीच काय ती पंचाईत.

खिडकीखाली अंगणात त्यांची गाडी उभी होती. मागच्या बाजूला दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढी मोठी, चारही चाकांनी ओढणारी. डोंगरातले रस्ते मोजण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, ती या गाडीच्या जिवावर. तिला गिअरचे दांडे दोन. मोठा नेहमीचा आणि शेजारी एक आखूड. तो मागे ओढला की चारही चाकांना जोर मिळायचा आणि कितीही तीव्र उतार असो, गाडी इंजिनाच्या मुठीत राहून मुंगीच्या पावलांनी उतरायची.

गेली सहा वर्षं हा आखूड दांडा दगा देत होता. सपाटीवर काही नाही, चढावर काही नाही. लांब उतारावर यंत्र चांगलं तापलं, की चौथ्या-पाचव्या वळणावर तो आपला आपण सुटायचा. मग इंजिन एकीकडे आणि चाकं एकीकडे. हँडब्रेकही त्याच दांड्याच्या गिअरपेटीवर बेतलेला, म्हणजे तोही गेला. उरायचा पायातला ब्रेक, आधीच तापलेला. एकदा मोजणीवाल्यांनी गाडी कठड्याला घासून थांबवली होती आणि घरी येऊन मांजर आडवं आलं म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी लाकडाची एक पाचर तासली. उताराला लागण्याआधी दांडा मागे ओढायचा आणि खाचेत पाचर ठोकायची, की बेट्याची सुटायची हिंमत नाही.

गॅरेजात दाखवायला हवं होतं. दाखवलं नाही, कारण खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं. आपली गाडी आपल्याशिवाय कोणाला बधत नाही, याची त्यांना ऐट होती. बायकोला सांगावं तर ती गाडीत पाऊल ठेवती ना. असं ते गुपित जगात एकाच माणसाला ठाऊक राहिलं, आणि त्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागलं.

गाडी विकायचं ठरलं तेव्हा मेहुण्याने ती आतून-बाहेरून घासली. जुने नकाशे, तुटकी बॅटरी, फडकी असा सगळा पसारा खोक्यात भरून घरात आणला. त्यात पाचरही आली. आजाऱ्याच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून बायकोने ती दाराखाली सरकवली. दार शहाण्यासारखं उभं राहिलं. पलंगावरून मोजणीवाले दिवसभर तिच्याकडे बघत राहिले.

गाडी बघायला आली ती गुरांची डॉक्टरीण. डोंगरमाथ्यावर तिचा दवाखाना आणि वरच घर. बाई चोख होती. सोबत मेकॅनिक आणला होता, तो गाडीखाली पाठीवर सरपटून आला आणि खूश होऊन उठला. गावात दोन फेऱ्या मारून झाल्या, आखूड दांडाही लावून पाहिला. सपाट रस्त्यावर तो लेकाचा कशाला सुटतोय. मेहुणा अंगणात गाडीचे गोडवे गात होता आणि त्याच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं, कारण त्याला काहीच माहीत नव्हतं.

मग ती वर आली. अंथरूण धरल्यापासून प्रत्येक पाहुणा त्यांच्या उशाशी उभा राहून त्यांच्याबद्दल बायकोशी बोलायचा. ही खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली आणि त्यांच्याशीच बोलली.

“काका, गाडी तुम्ही चालवलीत. मला सांभाळून घ्यावं असं काही आहे का तिच्यात?”

मोजणीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नेमका हाच प्रश्न, आणि नेमका त्यांनाच.

“उद्या,” ते म्हणाले. “उद्या, उद्या.”

बायकोने तिला हलक्या आवाजात समजावलं, की एवढा एकच शब्द येतो, मनावर घेऊ नका. मोजणीवाल्यांनी डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवलं. बायकोला वाटलं, वारा लागतोय. तिने पाचर काढून दार लोटलं आणि पाचर कोपऱ्यात टाकली. त्यांनी मान जोरजोरात हलवली, तिने दार उघडलं. त्यांनी हवेत दांडा मागे ओढून दाखवला. डॉक्टरीण लक्ष देऊन बघत होती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

“चालवायची आठवण येतेय,” बायको म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली.

खाली कागदांवर सह्या चालल्या होत्या तेव्हा मोजणीवाले पलंगावरून उतरले. उतरले म्हणजे पडले. डाव्या कोपरावर सरकत ते कोपऱ्यापर्यंत गेले. आवाज ऐकून सगळे धावत आले. मेहुण्याने काखेत हात घालून त्यांना उचललं, तेव्हा पाचर त्यांच्या मुठीत होती. ती त्यांनी डॉक्टरिणीपुढे धरली.

तिने ती घेतली, उलटसुलट पाहिली. हाताने झिजून गुळगुळीत झालेलं साधं लाकूड. दाराला लावायचं असतं, एवढं तिने मघाशी पाहिलं होतंच.

“गाडीतली आहे का हो ही?” तिने विचारलं. मोजणीवाल्यांनी जोरजोरात मान डोलावली.

“खोक्यात होती खरी,” मेहुणा म्हणाला. “चाकाला वगैरे लावत असतील. भाऊजींच्या हातची आहे, त्यांचा जीव तिच्यात.”

डॉक्टरिणीचा चेहरा मऊ झाला. तिने पाचर त्यांच्या तळहातात परत ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली. “चाकाला लावायला मला दगड पुष्कळ आहेत, काका. ही तुमच्याकडेच राहू दे. गाडी मी जपेन. उद्यापासून माझ्या दोन्ही पोरांना हिच्यातूनच खाली शाळेत सोडायचंय.”

“उद्या!” मोजणीवाले ओरडले.

“हो, उद्या,” ती हसून म्हणाली, आणि त्यांच्या पाया पडली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. त्यांनी खिडकीतून ती कोपऱ्यापर्यंत पाहिली. पुढचा रस्ता त्यांना बघायची गरज नव्हती, तो त्यांनीच मोजला होता. जाताना सगळा चढ, म्हणजे आज ती सुखरूप पोचणार. माथ्यापासून शाळेपर्यंत नऊ वळणं. चौथ्यापासून उतार तीव्र होतो आणि सहाव्याला कठडा नाही. तो असावा असं त्यांनी अहवालात लिहिलं होतं.

बायको चहा घेऊन आली. तिने त्यांच्या मुठीतून पाचर अलगद सोडवली, दाराखाली सरकवली आणि पायाने ठोकून घट्ट केली.

“उद्या,” ते म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा जे म्हणायचं होतं तेच तोंडातून आलं होतं. त्यांनी तिचा हात धरला आणि पुन्हा म्हणाले, “उद्या.”

“हो हो, उद्या,” बायको म्हणाली आणि बशीतला चहा फुंकून त्यांच्या ओठांना लावला.