सोमावतीबाईंचा पाहुणचार

लेकीच्या होणाऱ्या सासूबाई श्रीलंकेहून येणार म्हटल्यावर दर्शनाने आठवडाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं. तेजल दुबईत नर्स, सासूबाईंचा मुलगाही तिथेच नोकरीला. बुद्धगयेची यात्रा उरकून सोमावतीबाई एक दिवस रत्नागिरी बघतील, माणसं बघतील आणि मगच होकार की नकार ते सांगतील, असं तेजलने फोनवर बजावलं होतं.

मग काय, पाहुणचारात कसूर म्हणून नको. रत्नदुर्गावर ऊन लागू नये म्हणून दर्शना छत्री धरून बाईंच्या मागे मागे फिरली. थिबा राजवाड्याच्या पायरीवर त्या टेकायला गेल्या, तर दर्शनाचे यजमान महेंद्रसर धावत जाऊन कुठून तरी खुर्ची घेऊन आले. मांडवीच्या किनाऱ्यावर बाईंनी भेळेकडे बोट दाखवलं. पोट बिघडेल या धास्तीने दोघांनी त्यांच्या हातात बिस्किटं कोंबली. बाई दर वेळी ‘थँक्यू’ म्हणत आणि आणखी गप्प होत.

“अवो, त्यांचं तोंड बघितलंत? पोरीचं काय खरं नाय,” दर्शना नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली.

दुपारी घरी आल्यावर बाईंना पंख्याखाली बसवलं, हॉटेलातून मागवलेली सँडविचं पुढे ठेवली. मग दर्शना घरच्यांपुरतं बांगड्याचं कालवण करायला आत गेली. वाटणासाठी नारळ फोडला, गॅस पेटवून मागे वळली, तर काय! सोमावतीबाई साडी खोचून खवणीवर बसलेल्या आणि सराईतपणे खोबरं खवतायत.

“अवो, इकडे या लवकर! पाहुण्या कामाला बसल्या!”

महेंद्रसर धावत आले. बाई त्यांच्याशी इंग्रजीत भडाभडा बोलल्या, बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

“काय म्हणतात?” दर्शनाने गॅस बारीक करत विचारलं.

“अगो, त्या म्हणतायत, होकार तर मी घरूनच घेऊन आले होते. पण तुम्ही सकाळपासून मला खुर्चीतनं उठू दिलं नाहीत, तुमच्या घासातला घास दिला नाहीत. वाटलं, माझा मुलगाच तुम्हाला पसंत नाही, म्हणून असं लांब ठेवताय. नारळ फोडल्याचा आवाज आला, अगदी आमच्या घरातल्यासारखा, मग मात्र राहवेना.”

दर्शना त्यांच्या शेजारीच खाली बसली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिला हसू फुटलं ते आवरेचना, आणि तिला बघून सोमावतीबाईही डोळे पुसत हसायला लागल्या.

दर्शनाने उठून दुसरा नारळ फोडला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

“हा पण खवा, विहीणबाई.”