आयकानीशचं सुयुंचू

आयकानीशला आनंद झाला की बालवाडीच्या भिंती हादरायच्या. लापशीवर लोणी दिसलं की किंकाळी, खिडकीबाहेर बर्फ दिसला की किंकाळी, आणि आवडतं माणूस दिसलं की थेट अंगावर झेप. हिवाळ्यात तिनं अशाच आनंदाच्या भरात वर्गातल्या आदिलेतला मिठी मारली, तो कपाटावर आपटला आणि त्याचा ओठ फाटला. मग काय विचारता! त्याची आई येऊन बालवाडीच्या ताईला, बुरुल एजेला, नको नको ते बोलून गेली. "पोरं सांभाळता की शिंगरं?"

बुरुलनं ते फार मनाला लावून घेतलं. बाई वाईट नव्हती हो. तिला पोरीला गप्प करायचं नव्हतं, वळण लावायचं होतं. "आनंद झाला ना, की आधी दोन्ही हात पोटावर," ती रोज शिकवायची. "मग मोठा श्वास. मोठी माणसं बोलत असतील तर त्यांचं होऊ द्यायचं. मग हळूच सांगायचं, आणि मग अंगणात जाऊन हव्या तेवढ्या उड्या मारायच्या." पण अंगणात सदा चिखल. उड्यांचं तेवढं राहूनच गेलं.

वसंत येईपर्यंत पोर अशी शहाणी झाली की बुरुल आल्यागेल्याला तिला दाखवायची. मिरवायचीच म्हणा ना.

आणि एका दुपारी एरमेक आला. आयकानीशचा बाप, कामासाठी रशियात गेलेला. नारीन शहराहून आलेल्या बसमधून उतरला तो घरी न जाता आधी बालवाडीच्या दारात. त्यानं हात पसरले. पोरीचे डोळे चमकले, पण पाय जागचे हलले नाहीत. दोन्ही हात पोटावर ठेवून ती उभी राहिली. एरमेकचे हात जरा वेळ तसेच हवेत राहिले. मग तोच पुढं झाला आणि त्यानं तिला उचललं. "मोठी झाली की माझी पोर!" तो हसला, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. बुरुलनं ते पाहिलं आणि नजरेआड केलं.

"एजे," एरमेक म्हणाला, "माझ्या आईला अजून पत्ता नाही. सुयुंचू हिलाच मागू दे. मी कोपऱ्यावर थांबतो, तुम्ही हिला रस्ता ओलांडून द्या."

चांगली बातमी आणणाऱ्यानं "सुयुंचू!" म्हणून ओरडत यावं आणि ऐकणाऱ्यानं त्याला काहीतरी द्यावं, ही तिथली रीतच. पहिल्या ओरडणाऱ्याचा मान. एरमेक परतल्याची बातमी जो आणेल त्याला काळ्या कानाचं कोकरू, असं त्याच्या आईनं, कालिपा आजीनं, गल्लीभर सांगून ठेवलं होतं. त्या कोकराला बाटलीनं दूध पाजायची आयकानीशच. रोज त्याच्या कानात सांगायची, "बाबा आले की तू माझं."

बुरुल आजीच्या फाटकातच थांबली. बातमी पोरीची, तोंड पोरीचं. अंगणात आजी पाठमोरी बसून फोनवर बहिणीशी बोलत होती, गुडघेदुखीचं रडगाणं चाललं होतं. आयकानीश तिच्या मागं जाऊन उभी राहिली. हात पोटावर. मोठा श्वास. ती वाट बघत राहिली.

आता आवाज द्यावा की नाही? बुरुलला एक शब्द पुरला असता: ओरड. पण त्या क्षणी तिच्या मनात काय आलं, तर, बघा, किती छान थांबते! अभिमान वाटला तिला. नंतर ती स्वतःला जे कधीच माफ करू शकली नाही, ते हेच.

तेवढ्यात शेजारची सायराश धापा टाकत फाटकातून आत घुसली. कोपऱ्यावर एरमेक दिसला होता तिला. "सुयुंचू! कालिपा आपा, सुयुंचू! एरमेक आला!"

आजीचा फोन खाली पडला. म्हातारी रडली, हसली, सायराशच्या गळ्यात पडली. "ने, बाई, ने कोकरू! तुझंच ते!" एरमेक आत आला आणि आईच्या पायाशी बसला. सगळा कल्लोळ ओसरल्यावर आजीला नात दिसली.

"अगं बाई, तू इथंच होतीस? मग बोलली का नाहीस? झोपली होतीस का उभ्या उभ्या?"

"नाही," आयकानीश हळूच म्हणाली. "मला आनंद झाला होता. तू बोलत होतीस ना."

सायराशचा चेहरा पडला. तिनं कोकरू आणून पोरीपुढं धरलं. "घे ग राणी, तुझंच आहे. मला काय ठाऊक!"

पोरीनं मान हलवली. "सायराश एजे ओरडली," ती म्हणाली. "मी नाही ओरडले."

"माझी चूक, आपा," बुरुल पुढं आली. "मीच शिकवलंय तिला असं."

"आमच्या पोरीच्या तोंडाला कुलूप लावायला पाठवलं होतं का तुमच्याकडे?" म्हातारी कडाडली. बुरुलनं ते ऐकून घेतलं. खरंच होतं ते.

ती आयकानीशसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचे हात धरून पोटावरून बाजूला केले. "ओरड, बाळा. बाबा आलेत. आता ओरड."

पोरीनं बापाकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं. तिला एजेचं ऐकायचं होतं, मनापासून. तिनं मोठा श्वास घेतला.

"किती मोठ्यानं, एजे?"