नळाखालची वीस मिनिटं

शकुन बालीगंजच्या एका शाळेत अकरावीला केमिस्ट्री शिकवायची. त्या दिवशी प्रॅक्टिकलला सुरक्षा चष्मे दोन कमी पडले. "आजच्या दिवस चालेल," असं तीच म्हणाली आणि चष्मा न मिळालेल्यांपैकी एक विद्यार्थिनी, श्रेयसी, तशीच टेबलापाशी उभी राहिली.

परीक्षानळी तापवताना आम्ल उसळलं आणि थेट तिच्या डाव्या डोळ्यात गेलं.

"ओ मागो! आई गं! मिस, मला दिसत नाही!"

शकुनने तिला ओढतच नळाखाली नेलं आणि बोटांनी पापणी उघडी धरली. मुलगी किंचाळत होती, हात झटकत होती. आता सोडलं तर डोळा जाईल, या भीतीने शकुनने पकड आणखी घट्ट केली. वीस मिनिटं तिने पाणी थांबू दिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा बराच वेळ तपासला. "लगेच धुतला म्हणून वाचला," ते म्हणाले.

श्रेयसीच्या आईने रडत शकुनचे दोन्ही हात धरले. "मिस, तुमच्यामुळेच!"

गप्प राहावं असं शकुनला फार वाटलं.

"तिला चष्मा नव्हता," ती कशीबशी म्हणाली. "मीच चालेल म्हटलं होतं."

आईचे हात हळूहळू सुटले.