तोनच्या वाटणीचं मीठ

खामसिंग आजोबांनी मला अगदी जेरीला आणलं होतं. आमच्या अभ्यासासाठी गावातल्या घराघरांतलं जुनं मीठ काढून घेऊन आम्ही नवं, कमी सोडियमचं सौम्य मीठ दिलं होतं. त्यानं रक्तदाब उतरतो का, पक्षाघाताचे झटके टळतात का, हे पाहायचं होतं. बऱ्याच जणांचा दाब उतरू लागला. आजोबांचा मात्र ढिम्म! आणि एक झटका त्यांना आधीच येऊन गेलेला, उजवा हात लुळा, बोलणं जड. दुसरा आला तर म्हातारा हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं.

मी दर खेपेला त्यांना फैलावर घ्यायची. चोरून बाजारातल्या खारट शेवया खाता का, कुणाकडे जेवता का? ते वाकड्या तोंडानं गोड हसायचे. त्यांची बायको, बुआफान आजी, शपथेवर सांगायची की घरात सगळं नव्या मिठातलंच शिजतं. मी चुलीपर्यंत जाऊन चव घेतली. भाजी खरंच मिळमिळीत होती.

शेवटी एकदा भल्या सकाळीच जाऊन थडकले. आजी विहारात निघाली होती, हातात झाकलेलं छोटं पातेलं. मागून काठी टेकत आजोबा. मीही गेले. भिक्खूंचं जेवण झालं, मंत्र सुरू झाले, आजीनं रीतीप्रमाणे गेलेल्यांच्या नावानं पुटपुटत वाटीत पाणी ओतलं. मग रिवाजाप्रमाणे उरलेलं अन्न सगळ्यांनी वाटून घेतलं. आजोबांनी नेमकं ते पातेलं पुढ्यात ओढलं. मी एक घास घेतला आणि तोंड खारट ढाण झालं. रांजणात जुन्या मिठात मुरवलेली मासळी होती त्यात.

माझा पाराच चढला. आजीला बाजूला घेऊन विचारलं, हे काय चालवलंय?

"हे तोनचं आहे," आजी म्हणाली. तोन म्हणजे तिचा लेक, अपघातात गेलेला. "भिक्खूंना वाढलेलं त्याला पोचतं. आम्ही कसंही खाऊ गं पोरी. पण त्याला अळणी कसं वाढू?"

आणि लेकाच्या ताटातलं उरलेलं बापानं टाकायचं कसं?

मला गप्प बसता आलं असतं. पण जीभ कुठली ऐकते. "आजी, आजोबाही गेले तर मग दोघांसाठी खारट रांधणार का?"

म्हातारीनं पातेलं उचललं आणि आजोबांना घेऊन ती घरी निघाली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला विहारात गेले. आजी आलेली होती, पातेलं तेच. पाणी ओतताना या खेपेला ती पुटपुटली नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "तोन, बाळा, आजपासून जरा अळणी आहे. बाबांसाठी खा."

आजोबांनी पातेलं ओढलं, घास घेतला, बराच वेळ चावत राहिले. मग जड जिभेनं म्हणाले, "कुरकुर करत असेल तो."

"करू दे," आजी डोळे पुसत म्हणाली. "लहानपणी करायचा, तशी करेल आणि खाईल."

मी चिकट भाताचा गोळा मोडला आणि त्यांच्या शेजारी बसून तीच भाजी खाल्ली. अळणीच होती.